द्वारकेच्या घरची चिठ्ठी

हिवरवाडी, ता. बदनापूर
९ मार्च

द्वारका,

तू रामराम म्हणायचीस, मी जयभीम, आणि दोघींच्या तोंडून ते एकाच वेळी निघायचं. आताही तसंच झालं असं धर.

सात वर्षांनी लिहिते आहे. फोन करता आला असता, तुझ्या पप्पूचा नंबर पुंजारामकडे आहे. पण फोनवर मी बोलत सुटते आणि समोरच्याचं ऐकून घेत नाही, असं तूच मला सांगितलं होतंस. कागदावर निदान हात दुखतो म्हणून तरी थांबावं लागतं. हे तुला तुझी नात वाचून दाखवेल हे मला ठाऊक आहे. प्रीती, बेटा, आजीला सगळं वाच. मधलं गाळू नकोस.

काम एकच आहे. मेळ्याला ये. वैशाख पौर्णिमा यंदा एक मे रोजी आहे, म्हणजे अठ्ठावीस एप्रिलपासून चार सकाळी. वेळ तीच, साडेपाच ते नऊ, ऊन चढायच्या आत. आपण सुरू केलं तेव्हा संध्याकाळी लाईट नसायची म्हणून सकाळ धरली होती. आता लाईट असते, पण सकाळ कुणी सोडत नाही. करोनाची दोन वर्षं वगळली तर यंदा सतरावा मेळा. पहिल्या सकाळी उद्घाटनाला जात्यावरच्या ओव्या, तुझ्या. ती जागा मी दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. तू गेल्यापासून थेट आंबेडकरी जलशाच्या डफावरच सुरू करतो, आणि दरवर्षी मला वाटतं की घरात शिरताना मागचं दार धरलं.

पुण्याहून एका मुलीचा फोन आला होता, तृप्ती नाव. त्यांच्या वेबसाइटवर ‘उन्हाळ्यात मुद्दाम प्रवास करून जावेत असे दहा महोत्सव’ अशी यादी येणार आहे. डोंगरावरचे आहेत, समुद्रकाठचे आहेत, आणि सहाव्या नंबरला आपली हिवरवाडी. “मॅडम, राहायची सोय काय लिहू?” म्हणाली. मी म्हटलं, लॉज नाही, हॉटेल नाही. बदनापूर स्टेशनला उतरायचं, ऑटो धरायचा, शाळेत येऊन डब्यातली एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर ज्या घराचं नाव असेल त्या घरी चार दिवस जेवायचं, त्याच घराच्या गच्चीवर झोपायचं. घरवाल्यांनी पाहुण्याला आडनाव विचारायचं नाही, पाहुण्याने घर बदलून मागायचं नाही, आणि चिठ्ठी कुणी परत करायची नाही. ती एवढंच म्हणाली, “वॉव.”

मी थकले आहे, द्वारका. भाषणं अजून करते. गेल्या महिन्यात अंबडला वकिलांपुढे सव्वा तास बोलले. घसा होता तसा आहे, पण स्टेजवरून उतरताना कठडा शोधावा लागतो.

माझा भुजंगदादा गेला. अठरा जानेवारीला. तुझ्यापर्यंत पोचलंच असेल. चिठ्ठ्यांचा डबा यंदापासून पुंजाराम सांभाळणार आहे.

ये.

साधना

२५ मार्च

द्वारका,

उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

पुंजाराम काल गहू देऊन गेला. म्हणाला, “बाई, कशाला त्यांच्या मागं लागून राह्यल्या? त्या येणार न्हाईत. बिलकुल न्हाईत. तुम्ही माईकवर त्यांच्या घराचं नाव घेतल्तं. असं कोण इसरतंय?”

“मी तेव्हा खरं बोलले होते असं तुला वाटतं?”

“मंग? खोटं बोलल्ता का?”

मी चहा गाळत राहिले. तो चहा पिऊन गेला.

त्या तृप्तीने तिचं लिखाण मला आधी वाचायला पाठवलं. त्यातली तीन वाक्यं तुला उतरवून देते: “चिठ्ठीची ही प्रथा फक्त एकदा मोडली. २०१९ साली गावातल्या एका मराठा घराने बौद्ध गायकाला जेवायला घ्यायला नकार दिला, आणि दुसऱ्याच सकाळी मेळ्याच्या संस्थापिका साधनाताईंनी त्या घराचं नाव घेऊन केलेलं भाषण लाखो लोकांनी पाहिलं. याच भाषणाने हिवरवाडी महाराष्ट्रभर पोचली.”

शेवटचं वाक्य अक्षरशः खरं आहे. त्याआधी आपल्या मेळ्याला शंभर-सव्वाशे माणसं यायची, तीही आजूबाजूची. त्या भाषणानंतर नांदेडहून, हैदराबादहून, पुण्याहून लोक येऊ लागले. गेल्या वर्षी सहाशे होते. मेळा त्या भाषणावर उभा आहे.

आणि त्याच्या आधीचं वाक्य खोटं आहे.

तुझ्या घराने कुणाला नाकारलं नव्हतं. सूरजने, त्या अंबडच्या जलसा गाणाऱ्या पोराने, तुझ्या घरची चिठ्ठी उचलली खरी. पण डब्याजवळ भुजंगदादा बसला होता. त्याने चिठ्ठी वाचली आणि पोराला म्हणाला, तू आमच्याकडे चल. तुला कुणी विचारलंच नाही. मी रात्री घरी आले तर सूरज आमच्याच ताटावर, आणि ताटाशेजारी तुझ्या नावाची चिठ्ठी. दादा स्टेशनवर पाहुणे आणायला गेलेला. मी सूरजला म्हटलं, “ही तर द्वारकाबाईंची चिठ्ठी.” तो म्हणाला, “हो बाई, पण जेवलो इकडंच.” मला तेवढं पुरलं. सकाळी दादा पहिल्या गाडीच्या पाहुण्यांसाठी पुन्हा स्टेशनवर, आणि मी माईकवर.

हे सगळं दादाने जाण्याआधी मला सांगितलं. तुला सांगणं माझं कर्तव्य होतं. सांगितलं.

साधना

१२ एप्रिल

द्वारका,

प्रीतीचा फोन आला. फार अदबीने बोलली पोरगी. “आजींनी एकच विचारायला सांगितलंय. भुजंगबाबांनी जाण्याआधी म्हणजे नेमकं कधी सांगितलं?”

मी तिला म्हटलं, पत्राने कळवते. चार दिवस पत्र लिहायला बसते आहे आणि उठते आहे.

चौथीपर्यंत आपण एका बाकावर होतो. मग तुला शाळेतून काढलं आणि मी पुढे शिकत राहिले, कपाटभर पुस्तकं वाचली, हेडमास्तरीण झाले, आणि इतक्या वर्षांनीही नेमका प्रश्न तूच विचारतेस.

दादाने मला मेळा संपल्यावर आठव्या दिवशी सांगितलं. २०१९ च्या मे महिन्यात. तो बाजेची सुतळी ताणत होता. मान वर न करता म्हणाला, “साधने, ती चिठ्ठी मी फिरवल्ती. द्वारकीनं न्हाई.”

मी म्हटलं, “का?”

“तिची सासू. सोनूबाईच्या दाराआडच्या कोनाड्यात आपल्या लोकायचा येगळा कप हाये. तुला म्हाईत हाये, तू पेलीस त्यात. जलसा गाणारा म्हणल्यावर म्हातारीनं आडनाव न इचारता वळखलं असतं. पोरगं लांबून आल्तं. म्हणलं, सकाळी त्याला गायचंय, कशाला त्याला कपाचा किस्सा.”

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“तू सांगू देती का कुणाला?”

त्या दिवशी ते भाषण दोन लाख लोकांनी पाहिलेलं होतं. मला फोनवर फोन येत होते. मी स्वतःशी एक मुद्दा मांडला, आणि चांगला मांडला: आज मी चूक झाली म्हणाले, तर पाहुण्याला खरोखर दारातून परत लावणारी शंभर घरं माझ्या या एका चुकीमागे लपतील. म्हणतील, बघा, ही बाई खोटे आरोप करते. चळवळीचं नुकसान होईल. हा मुद्दा खोटा नव्हता, अजूनही नाही. ते लोक असंच म्हणाले असते. पण मला तो पटला तो त्यामुळे नाही. मला तो पटला कारण औसा, किनवट, नागपूर, अशी बारा गावांची बोलावणी हातात होती, आणि सगळ्यांना तेच भाषण हवं होतं. मी ते दिलं. प्रत्येक ठिकाणी तुझं नाव गाळून ‘एका घराने’ म्हणाले, आणि तेवढ्यावर स्वतःला सभ्य समजले.

दादाने पुन्हा कधी विषय काढला नाही. दरवर्षी डबा घेऊन बसायचा. पण त्यानंतर त्याने एकही चिठ्ठी उघडून वाचली नाही, पाहुण्यालाच वाचायला लावायचा.

पप्पूला कंपनीत ‘चिठ्ठीवाले’ म्हणत होते, हे मला त्याच वर्षी कळलं होतं. तुम्ही घराला कुलूप लावून संभाजीनगरला गेलात, तेही पारावरून पाहिलं. हात वर केला नाही.

आता जे ठरवलंय ते सांगते. अठ्ठावीस तारखेला सकाळी साडेपाचला, पहिल्यांदा मीच उभी राहणार आणि हे बोलणार. तुझं नाव घेऊन, कारण तेव्हाही घेतलं होतं. तृप्तीला फोन करून म्हटलं, ते वाक्य काढ, ते खरं नाही. ती म्हणाली, “मॅडम, पण तोच तर आमचा हुक आहे, लोक त्याच्यासाठीच वाचतील.” यादी वेबसाइटवर टाकूनही झाली. ती स्वतः मेळ्याला येणार आहे.

तू आलीस तर पुढे बस. नाही आलीस तरी मी बोलणारच आहे. ‘द्वारकीनं न्हाई’ हे दादाचं वाक्य तुझ्याकडे यायचं होतं, ते सात वर्षं माझ्याकडे पडून आहे. ते तुला मिळावं, एवढंच मला हवंय.

साधना

२ मे

द्वारका,

तू आली नाहीस. तुझ्या जागी बस असं मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी पुढच्या सतरंजीवर एका माणसापुरती जागा राहिली होती. कशी, कोण जाणे.

मी बोलले. चार मिनिटं. आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण. कागदावर लिहून नेलं होतं, म्हणजे जीभ घसरू नये. २०१९ साली याच मंचावरून मी द्वारकाबाई कल्याणराव यांच्या घराने पाहुणा नाकारला असं म्हणाले, ते खोटं होतं. चिठ्ठी माझ्या भावाने बदलली होती. आठव्या दिवशी मला ते कळलं आणि सात वर्षं मी ते लपवलं. त्या घराची मी गुन्हेगार आहे. यात एक शब्द अलंकाराचा नव्हता.

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. चप्पल फेकेल, निघून जाईल, ओरडेल, “मग इतकी वर्षं आम्ही काय ऐकत होतो?” मी त्याचीच वाट पाहत होते.

टाळ्या पडल्या, द्वारका. आधी मागून, मग सगळीकडून. सातशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. तृप्ती पुढे बसून मोबाईलवर सगळं घेत होती आणि रडत होती. खाली उतरले तर हैदराबादचे एक प्राध्यापक हात धरून म्हणाले, असं धाडस आजच्या काळात कोण दाखवतं. परभणीचा एक तरुण म्हणाला, “ताई, एकोणीसच्या भाषणापेक्षा हे भारी झालं.”

मी जे टाकून द्यायला गेले होते ते लोकांनी माझ्याच गळ्यात घातलं.

सूरज आला होता. आता त्याचं नाव झालंय, स्वतःची जलसा पार्टी आहे. बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, राग न्हाई धरायचा, पण एक बोलू? तवा भुजंगबाबांनी मला इचारलं न्हाई, तुम्हीबी इचारलं न्हाई. मी गेलो असतो त्या घरी. कपाचं काय करायचं ते माझं मी पाह्यलं असतं. तुम्ही दोघांनी माझ्यावरून सगळं ठरवून टाकलं, आन् मी आपला तिथं मटकीची भाजी खाऊन राह्यलो.”

मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली.

टाळ्या न वाजवणारं एकच माणूस मी पाहिलं. तुझी शेजारीण उषाबाई. ती दगडी ओट्याला टेकून उभी होती. मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, तू तरी बोल काहीतरी.

“काय बोलू? तुम्ही तवाबी असंच चांगलं बोलल्ता. तवाबी टाळ्या पडल्त्या.” पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “त्या बाईचं बोलणं आमी तवाबी न्हाई ऐकलं, आजबी न्हाई.”

उरलेल्या तीन सकाळी मी मागे बसले. कार्यक्रम चांगले झाले. लोक खूष होऊन गेले. तृप्तीचा मेसेज आलाय, व्हिडिओ फार चाललाय म्हणून. मी उघडला नाही.

आता पुढे काय करायचं ते मला समजत नाही. माझ्याकडे एकच हत्यार होतं आणि ते दोन्ही वेळा माझ्याच बाजूने चाललं. मेळ्याला येऊ नकोस म्हणालीस तरी चालेल. शिव्या घातल्यास तरी चालतील. पण तुझ्याकडून काहीतरी येऊ दे.

साधना

संभाजीनगर
१० मे

साधना,

रामराम. प्रीती लिहून राह्यली, मी सांगून राह्यले. तुझी पत्रं लय लांब, बाई. वाचता वाचता पोरीचा घसा बसला. हेडमास्तरणीला थोडक्यात यतच न्हाई का?

पप्पूनं तो व्हिडिओ मला दाखवला. त्याला बरं वाटलं. कंपनीत समद्यायला दाखवला म्हणं, बघा, आमचं घर तसं नव्हतं. पोराच्या डोक्यावरचं उतरलं, त्याबद्दल तुला मी वाईट म्हणणार न्हाई. त्यानं लय सोसलं. पण मला न्हाई बरं वाटलं. माझ्या नावावर पहिल्यांदा टाळ्या पडल्या तवा मी समोर होते. आता दुसऱ्यांदा पडल्या. माझं नाव म्हंजी काय तुझ्या भाषणाचं मीठ हाये का?

तू येडी हायेस. तुला वाटतं तू मला खरं सांगितलं. खरं तुला म्हाईतच न्हाई. ते मी सात वर्षं कुणाला सांगितलं न्हाई, यांनाबी न्हाई. हे गेले तरी न्हाई.

त्या दिशी सांजच्याला भुजंगदादा आमच्या दारात आल्ता. उन्हातून आल्ता, पाणीबी पेला न्हाई. म्हणला, “वहिनी, यंदा तुमच्याकडं पाव्हणा न्हाई.” मी वरण टाकल्तं, पोळ्याचं पीठ मळून ठिवल्तं. सासू ओसरीवर बसल्ती. मला म्हाईत होतं पाव्हण्याची चिठ्ठी आमच्या नावाची निघली. उषीची पोरगी डब्यापाशी होती, ती पळत येऊन सांगून गेल्ती. जलसावाला पोरगा हाये, हेबी सांगून गेल्ती.

दादा म्हणला, पाव्हणा न्हाई. आन् मला बरं वाटलं.

(इथे आजीने मला उठून दार लोटून यायला सांगितलं. — प्रीती)

बरं वाटलं, साधना. मी विचारलं न्हाई का बदलली म्हणून. सासूशी भांडायचं टळलं, कप काढायचा का ताटात वाढायचं ते ठरवायचं टळलं. मी ते पीठ झाकलं आन् आत गेले. आजवर कळंना, तो पोरगा दारात आला असता तर मी काय केलं असतं. चांगलं केलं असतं असं वाटतं. पण वाटून काय व्हतंय.

सकाळी तू माझं नाव घेतलं. मी उठले होते तुला खोटं पाडायला. सांगणार होते, न्हाई, चिठ्ठी मी परत केली न्हाई. तोंडापर्यंत आल्तं. आन् ते बरं वाटलेलं आठवलं. मंग पायच चालले घराकडं.

तुझ्यावर राग त्याच्यासाठी व्हता. खोटं बोलली म्हणून न्हाई. खोट्याचं काय, ते मला धुता आलं असतं. तू मला न इचारता माझ्यातलं जे काढलं ते अर्धं बरोबर निघलं, आन् ते मी कुणापुढं कबूल करू शकत नव्हते, कारण समदे टाळ्या वाजवून राह्यल्ते. इतक्या टाळ्यांत माणसाला आपलं आपण कसं बोलता येईन, सांग बरं.

आता हे तू मेळ्यात सांगू नको. शपथ हाये तुला. कुठंबी सांगू नको, अंबडच्या वकिलांनाबी न्हाई. हे माझं हाये.

मेळ्याला मी येणार न्हाई. ओव्या म्हणत्यात इथंबी, खालच्या मजल्यावरच्या बायांना शिकवते, मिक्सरवर पीठ दळतात आन् जात्याच्या ओव्या म्हणतात. हासू येतं, पण म्हणतात.

तू ये. तिसरा मजला हाये, लिफ्ट कधी चालती कधी न्हाई. चहा त्याच कपात देते ज्यात मी पेते. मला आणिक बोलायचंय, ह्या कागदात मावत न्हाई. सासूचं, ह्यांचं, कुलूप लावलं त्या दिवसाचं, तू पारावर उभी व्हती आन् मी तुला पाह्यलं, त्याचं. तासभर लागंल. तू मधी बोलायचं न्हाई. मुद्दा मांडायचा न्हाई. माफी मागायची न्हाई, ती तू लय चांगली मागती. नुसतं बसायचं.

जमंल का तुला? न जमलं तर तसं कळव. मी वाईट वाटून घेणार न्हाई, मला तुझी सवय हाये.

द्वारका

१३ मे

द्वारका,

रविवारी येते.

साधना